दोनशे लिटर समुद्राचा चार्ज

नागपुरात हुडकेश्वरला ताराचंद धकात्यांच्या घरी समुद्र आहे, ही गोष्ट त्या लेआउटमध्ये आता कोणाला नवी राहिलेली नाही. चार फूट लांब, काचेचा, दोनशे लिटरचा समुद्र, आणि तोही बैठकीत कूलरच्या शेजारी. नवा पाहुणा आला की आधी विचारतो, हे मासे खायचे का? मग विचारतो, पाणी खरंच खारट आहे का? आणि घरच्यांची पाठ वळली की हळूच बोट बुडवून चाखून पाहतो. म्हणून ताराचंदजींनी टाकीवर जाळी टाकली आणि जाळीवर एक वीट ठेवली. तेव्हापासून चाखणं थांबलं आणि विटेबद्दल विचारणं सुरू झालं.

गंमत अशी की या समुद्राच्या धन्यानं खरा समुद्र जन्मात पाहिलेला नाही. ताराचंदजी तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरातले. वडील हातमागावर लुगडी विणायचे. पोरगा मागावर बसला नाही, तो हिंगण्याला तेलाच्या कारखान्यात बॉयलरवर लागला आणि एकतीस वर्षं तिथंच राहिला. कारखान्याची बस, बॉयलर, परत बस. सुटीत फार झालं तर रामटेक. बायको पुष्पलताबाई उमरेडच्या, त्यांचं जग उमरेड ते नागपूर. दोघांत मिळून समुद्राचा थेंब पाहिलेला नाही, आणि घरात मात्र भरती-ओहोटी सोडून समुद्राचं सगळं काही.

तो समुद्र आला भाडेकरूच्या पायी. वरच्या मजल्यावर उन्मेष नावाचा बँकेतला मुलगा राहायचा. त्याची बदली गुवाहाटीला झाली तेव्हा त्यानं कपाट नेलं, गादी नेली, पण जिवंत टाकी कशी नेणार? दोन महिने सांभाळा काका, मग सोय करतो, असं म्हणून तो गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. खरं सांगायचं तर आता तो ट्रक घेऊन दारात आला असता, तरी ताराचंदजींनी त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं असतं.

जाण्याआधी उन्मेषनं एक अख्खी संध्याकाळ बसून सगळं समजावलं होतं. तापमान सव्वीसच्या आसपास, खारटपणा एक पूर्णांक शून्य दोन पाच. चांगलं-वाईट नंतर, आधी पाणी रोज सारखं पाहिजे, कारण समुद्र काही सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा नसतो. टाकीतलं पाणी उडून रोज पातळी खाली जाते, ती भरताना मिठाचं पाणी टाकायचं नाही, गोडं टाकायचं, तेही आर.ओ.चं. उडतं ते पाणी, मीठ आतच राहतं. हे ऐकून ताराचंदजी हसले. हाच धडा ते एकतीस वर्षं जगले होते. बॉयलरातून वाफ निघून जाते, पाण्यात जो खार असेल तो आतच राहतो, आणि जे जे आत टाकाल ते साचत जातं. मुलगा त्यांना त्यांचंच शिकवत होता, फक्त मासे घालून.

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने त्यांनी फार वाईट काढले होते. मोजायला काही उरलं नव्हतं. दूधवाल्याचं दूध मोजून पाहिलं, पुष्पलताबाईंच्या चहातली साखर मोजून पाहिली, आणि घरातली शांतता धोक्यात आली. टाकी आली तसे ते लांब पानांचं एक रजिस्टर घेऊन आले. तारीख, वेळ, तापमान, खारटपणा, टाकलेलं पाणी, शेरा, सही. दिवसातून दोनदा नोंद. सही स्वतःची, स्वतःच्याच रजिस्टरवर. पुष्पलताबाईंना याचं हसू यायचं. घरात कोण साहेब तपासायला येऊन राहिला, असं त्या विचारायच्या. ताराचंदजी म्हणायचे, ज्यानं पाहिलं त्याची सही नसली तर ते रीडिंगच नव्हे.

हा नियम त्यांना मारोतरावांनी घालून दिला होता. मारोतराव म्हणजे बॉयलरवरचे त्यांचे उस्ताद. शिफ्ट बदलताना आधीच्या माणसानं पुढच्याला जबाबदारी सोपवायची, त्याला तिथं चार्ज देणं म्हणत. मारोतराव सांगायचे, चार्ज तोंडी द्यायचा नाही. कोणता व्हॉल्व किती उघडा, पाणी कुठलं, का, सगळं दाखवायचं, लिहायचं, आणि दोघांनी सही करायची. एकदा त्यांनी स्वतःच घाईत बस पकडायला म्हणून चार्ज तोंडी दिला होता, आणि पुढच्या शिफ्टला बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी फुटून एकाचा हात भाजला. चौकशीत मारोतरावांनी पुढच्या माणसाचं नाव येऊ दिलं नाही. चूक देणाऱ्याची, असं त्यांनी लिहून दिलं. ताराचंदजींनी ती गोष्ट डोळे ओले करून ऐकली होती आणि नंतर नोकरीत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता.

टाकीत दोन नारंगी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि स्वभावानं भांडकुदळ. काच साफ ठेवणाऱ्या पाच गोगलगायी होत्या. आणि तीन झिंगे होते, पाठीवर लाल, मध्ये पांढरी रेघ, मिशा पांढऱ्याशुभ्र आणि बोटभर लांब. मासा झिंग्याच्या समोर येऊन थांबायचा, तोंड उघडायचा, आणि झिंगा त्याच्या तोंडात शिरून दात साफ करून यायचा. पुष्पलताबाईंनी तिघींना मिळून एकच नाव दिलं, डॉक्टरीण. मासा तोंड उघडून उभा राहिला की त्या स्वयंपाकघरातून हातातलं काम टाकून पाहायला यायच्या.

झिंगा तीन-चार आठवड्यांनी कात टाकतो. पाठ उकलते, आणि तो मिशा-पायांसकट आपल्या जुन्या कवचातून बाहेर येतो. ताराचंदजी शेऱ्यात तेही लिहायचे.

एप्रिलच्या शेवटी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाण्याचा एक थेंब डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. आणि नेमका हाच टाकीचा कठीण काळ. बाहेर पंचेचाळीस झालं की ताराचंदजी टाकीवर छोटा पंखा लावायचे. कूलरचंच गणित. पाणी उडतं आणि उडता उडता उरलेल्याला थंड करतं. पण त्यापायी रोज चार लिटर पाणी भरावं लागायचं. काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेल्या ताराचंदजींनी बायकोला बोलावलं.

"अवं, खुणेपर्यंत गोडं पानी टाकत जाय," ते म्हणाले. "मिठाचं नको."

पुष्पलताबाईंनी मान हलवली, आणि काम सुरू झालं.

पाण्यासोबत आकडेही त्यांच्याकडे आले. खारटपणा पाहायची एक छोटी नळी असते. तिच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं. दोन्ही जिथं भेटतात तो आकडा. अडतीस वर्षांच्या संसारात पुष्पलताबाईंनी नवऱ्याच्या कामातलं काही हातात धरायची ही पहिलीच वेळ. त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, एक डोळा गच्च मिटला आणि नळी पुढेमागे करत राहिल्या. मग हळूच वाचलं, एक, टिंब, शून्य, दोन, पाच. नळीला मीठ कसं कळतं, त्यांनी विचारलं. खारट पाण्यातून उजेड जास्त वाकतो, एवढंच ताराचंदजींना ठाऊक होतं. तेवढ्यानं पुष्पलताबाईंचं समाधान झालं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या नळीतून काय काय गेलं, विचारू नका. वरणाचं पाणी, ताकाची निवळी, ओआरएस, कपाळावरचा घाम. लोणच्याचा खार टाकला तेव्हा निळं आकड्यांच्या पार बाहेर गेलं आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. ताराचंदजींनी सांगितलं, आपल्या डोळ्यांतलं पाणी समुद्रापेक्षा बरंच कमी खारट असतं. पुष्पलताबाईंनी तेही मोजायचं ठरवलं, पण मुद्दाम रडू काही येईना. रजिस्टरात आकडे त्या भरायच्या, सातवीपर्यंतचं टपोरं अक्षर. सही मात्र सवयीनं ताराचंदजी करायचे, एका डोळ्यानं, वाकडी.

मे महिना अर्ध्यावर आला आणि एका सकाळी एक गोगलगाय वाळूत उलटी पडलेली दिसली. दोन दिवसांनी दुसरी. एका आठवड्यात पाचही गेल्या. तापमान सव्वीस-सत्तावीस, खारटपणा तोच, बाकीच्या चाचण्यांचे रंग जसेच्या तसे. मासे मजेत, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. ताराचंदजींना झोप लागेना. दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे कळेना की तीन वर्षं चाललेलं यंत्र आकडे न हलता बिघडलं कसं.

मग पहिली डॉक्टरीण गेली. कात टाकता टाकता, अर्धी आत, अर्धी बाहेर. चार दिवसांनी दुसरी, अगदी तशीच. पुष्पलताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आणि ताराचंदजींनी ठरवून टाकलं. तिसरी डॉक्टरीण पुढच्या आठवड्यात कातीवर येणार होती, रजिस्टरात तारीख होती. ती यातून सुटली तर ठीक. नाही तर मासे देऊन टाकायचे, टाकी रिकामी करायची. ज्याचं कारण सापडत नाही असं मरण घरात ठेवायचं नाही.

त्यांनी पुष्पलताबाईंना तसं सांगितलं. त्या टाकीसमोर जाऊन बसल्या.

शोध सुरू झाला. आधी उदबत्ती बंद झाली. मग डासांची अगरबत्ती. मग शेजाऱ्यांनी झाडांवर कसली फवारणी केली का, याची चौकशी. शेवटी ते उमरेड रोडवर माशांचं दुकान चालवणाऱ्या भूपेशकडे रजिस्टर घेऊन गेले. भूपेश वयानं त्यांना मुलगा शोभेल एवढा, पण माशांच्या बाबतीत त्यांचा गुरू. त्यानं पानं उलटली, पुन्हा उलटली.

"काका, तुम्ही जे मोजता ते सारं बरोबर हाय," तो म्हणाला. "म्हंजे जे मारून राहिलं, ते तुम्ही मोजतच नाही."

हे वाक्य ताराचंदजींच्या डोक्यात घण घातल्यासारखं बसलं. मासे तगतात, आणि गोगलगाय, झिंगा मरतात, असं काय असतं, त्यांनी विचारलं. भूपेशनं एकच शब्द सांगितला, तांबं. माशाला सोसतं तेवढं तांबं झिंग्याचा जीव घेतं. त्यानं तांबं तपासायची बाटली दिली. घरी येऊन ताराचंदजींनी टाकीचं पाणी काचनळीत घेतलं, थेंब टाकले. पाणी हळूहळू निळसर झालं. आर.ओ.चं पाणी तपासलं, ते कोरंच राहिलं.

मग तांबं आलं कुठून? त्यांनी पंप उघडला, तारा तपासल्या, दिव्याची चिमटी काढून पाहिली. सांधे दुखतात म्हणून मनगटात घातलेलं तांब्याचं कडं काढून ठेवलं, जरी महिनाभर त्यांचा हात पाण्यात गेलाच नव्हता. दोन दिवस ते घरभर तांबं शोधत हिंडले, काय शोधतात ते बायकोला न सांगता. आणि तांबं रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. चष्म्याच्या आडून पाहिल्यामुळे म्हणा किंवा अडतीस वर्षं पाहून डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून म्हणा, ते त्यांना दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते जरा लवकर उठले. उजाडलं होतं. पुष्पलताबाई अंघोळ करून स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि ओट्यावरच्या गुंडातून पाणी काढत होत्या. उमरेडहून लग्नात आलेला तांब्याचा गुंड, घागरीसारखं पाण्याचं भांडं. रोज संध्याकाळी चिंचेनं घासून लख्ख करायचा, भरायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी घरानं त्यातलं पाणी प्यायचं, ही त्यांच्या आईची रीत. त्यांनी पाणी फडक्यातून गाळून घेतलं, टाकीपाशी गेल्या, वीट उचलली, जाळी सरकवली आणि धार लावून, सावकाश, खुणेपर्यंत पाणी ओतलं. ओतताना त्या एकट्या उरलेल्या डॉक्टरणीशी काहीतरी बोलत होत्या.

ताराचंदजी दारातच उभे राहिले. सगळं एका क्षणात जुळलं. रोज चार लिटर, जवळपास महिनाभर. पाणी उडालं, तांबं राहिलं. रोज साचत गेलं. चिंचेनं घासलेल्या गुंडातून तर जास्तच. जे ते एकतीस वर्षं बॉयलरात पाहत आले होते, तेच.

त्यांना हेही कळलं की बायकोनं घरातलं सगळ्यात चांगलं पाणी दिलं होतं. आर.ओ.च्या पाण्यात काहीच नसतं, ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायच्या पाण्यासारखं असतं, असं त्यांनीच कधीतरी मोठ्या कौतुकानं तिला सांगितलं होतं. बॅटरीचं पाणी जिवंत जिवाला कोण देईल?

सांगावं कसं? दुसरी डॉक्टरीण गेली तेव्हा ही बाई जेवली नव्हती. सातही जीव तुझ्या हातानं गेले, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? ताराचंदजी पुढे झाले आणि म्हणाले, डोळा आता बरा आहे, उद्यापासून पाणी मी टाकतो आणि नळीही मीच पाहतो.

पुष्पलताबाईंचा चेहरा उतरला. "माह्या हातानं काही बिघडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताराचंदजी म्हणाले.

आयुष्यातलं पहिलं खोटं रीडिंग त्यांनी दिलं ते असं. त्या दिवसापासून ते एक दिवसाआड चाळीस लिटर पाणी बदलू लागले, भूपेशकडून तांबं शोषणारा कोळसा आणून पंपात भरला. काचनळीतला निळा रंग फिका पडू लागला. पण शेऱ्याच्या रकान्यात सात मृत्यूंपुढे कारणाची जागा रिकामी होती, आणि रोज सही करताना त्यांची नजर तिथं जायची. पुष्पलताबाई टाकीकडे फिरकेनाशा झाल्या. मासा तोंड उघडून उभा राहिला तरी त्या येत नसत. ताराचंदजींना वाटलं, दुःख आहे, ओसरेल. माणूस शहाणा असला तरी बायकोच्या बाबतीत किती कमी मोजतो, याचा हा नमुना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते लोणच्याच्या कैऱ्या आणायला कळमन्याच्या बाजारात गेले. दहाच्या सुमारास पिशवी घेऊन घरात शिरले तर जेवणाच्या टेबलावर रजिस्टर उघडं होतं आणि पुढे तीन काचनळ्या उभ्या केलेल्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी, टपोऱ्या अक्षरात. नळ. आर.ओ. गुंड. पहिल्या दोन कोऱ्या होत्या. तिसरी निळी.

पुष्पलताबाई खुर्चीत बसल्या होत्या. ताराचंदजींनी पिशवी खाली ठेवली.

"तुमच्या अक्षरात तीन वर्षांत कोनी नाही मेलं," त्या म्हणाल्या. "माह्या अक्षरात सात मेले. मंग मी पायलं, तुमच्यात आन् माह्यात फरक कायचा. तुम्ही थेंब टाकता ते बाटली घेतली. फरक पान्याचा निघाला."

ताराचंदजींनी तिसरी नळी उचलून उजेडात धरली. इतक्या दिवसांत त्यांना जे दारात उभं राहून अपघातानं दिसलं, ते या बाईनं रजिस्टर वाचून, तीन नळ्या लावून शोधलं होतं.

"मले 'नाही' काहून म्हनलं?"

"तुले वाईट वाटन म्हनून."

"वाईट तं तवा वाटलं, जवा तुम्ही माह्या हातातून नळी काढून घेतली."

आणि मग त्या रडल्या. झिंग्यांसाठी, गोगलगायींसाठी, स्वतःसाठी. ताराचंदजी समोर बसून राहिले. त्यांना मारोतराव आठवले. बस पकडायच्या घाईत तोंडी दिलेला चार्ज. खुर्चीत बसून आपण काय सांगितलं होतं? गोडं पाणी टाक. कुठलं, का, आणि का दुसरं नाही, एक अक्षर नाही. आत टाकाल ते साचत जातं, ही एकच गोष्ट सांगायची होती. ती आपल्याला इतकी ठाऊक होती की दुसऱ्याला ठाऊक नसेल हे डोक्यातच आलं नाही.

त्यांनी पेन उचललं. पुष्पलताबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि कारणाच्या रिकाम्या जागेत स्वतः लिहिलं, तांब्याच्या गुंडाचं पाणी, मी टाकलं. ताराचंदजींनी त्याखाली लिहिलं, चार्ज तोंडी दिला, चूक देणाऱ्याची. त्यावर दोघांचा थोडा वाद झाला. पाणी मी टाकलं, हे त्या सोडायला तयार नव्हत्या. शेवटी दोन्ही ओळी तशाच राहिल्या.

त्या दुपारी ताराचंदजींनी पहिल्यांदा नीट चार्ज दिला. बॉयलरपासून सुरुवात केली. वाफ, खार, साचणं. पुष्पलताबाईंनी इतके प्रश्न विचारले की दोनदा चहा झाला. एकतीस वर्षं नवरा हिंगण्याला काय करत होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सकाळची नोंद त्यांची, संध्याकाळची ताराचंदजींची, असं ठरलं. पाणी आर.ओ.चं. आता एकच गोष्ट उरली होती. डॉक्टरणीची तारीख होऊन गेली होती आणि तिनं कात टाकली नव्हती. कपारीत बसून होती, खातही नव्हती. पाणी वेळेत निवळलं की नाही, हे आता तीच सांगणार होती.

चौथ्या सकाळी पुष्पलताबाई नोंदीला गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. ताराचंदजी आले. वाळूवर डॉक्टरीण आडवी पडली होती. लांब मिशा, पाय, पाठीवरची रेघ, सगळं पांढुरकं आणि निश्चल.

"गेली," पुष्पलताबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. "इलेबी मीच मारलं."

ताराचंदजींनी छोट्या जाळीनं ते हळूच उचललं, तळहातावर घेतलं. तळहाताला वजनच लागलं नाही. ते खिडकीशी गेले आणि नव्या डोळ्यानं पाहिलं. पाठ उकललेली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि आतून उजेड आरपार येत होता.

"अवं, यात कोनी नाही," ते म्हणाले. "ही बाहेर निघाली."

पण निघून गेली कुठं? कात टाकल्यावर झिंग्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, तो दडून बसतो, हे खरं. पण दगडामागे जाऊन मरतो, असंही होतं. दगड हलवून पाहणं म्हणजे उरलेला जीव घेणं. थांबायचं ठरलं. पुष्पलताबाईंनी टाकीसमोर बसून भाजी निवडली, तिथंच बसून कैऱ्या चिरल्या. जेवणं तिथंच झाली. कूलर चालू होता, पंखा चालू होता, मासे त्या दगडाभोवती घुटमळत होते. ताराचंदजींना वाटलं, आपण बॉयलरवरही कधी इतकं टक लावून बसलो नव्हतो.

चारच्या सुमारास मोठा मासा त्या कपारीसमोर जाऊन थांबला. हलला नाही. मग तोंड उघडलं. आतून एक पांढरी मिशी आली, नवी, आखूड वाटणारी, आणि तिनं माशाच्या ओठाला हळूच हात लावल्यासारखं केलं.

दोघंही काचेपाशी सरकले. पुष्पलताबाई पदरानं डोळे पुसायला गेल्या, मग थांबल्या, नळी उचलली, डोळ्यातला थेंब बोटानं टिपून काचेवर टेकवला आणि नळी खिडकीकडे धरली. आकडा खरंच समुद्रापेक्षा खूप खाली होता. त्यांनी ते नवऱ्याला दाखवलं.

मग त्यांनी रजिस्टर घेतलं आणि सकाळची राहिलेली नोंद भरली. शेऱ्यात लिहिलं, कात टाकली, जिवंत आहे. ताराचंदजी सवयीनं सहीसाठी पुढे झाले आणि हात मध्येच थांबला. त्यांनी पानं मागे उलटली. पुष्पलताबाईंच्या अक्षरातल्या त्या सगळ्या ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे त्यांची स्वतःची वाकडी सही. आकडा एकाचा, सही दुसऱ्याची. बॉयलरवर असं कोणी केलं असतं तर त्यांनी त्याला उभं केलं नसतं. त्यांनी पट्टी घेतली, आपल्या एकेका सहीवर सरळ रेघ मारली आणि रजिस्टर बायकोसमोर सरकवलं.

"ज्यानं पायलं त्याची सही," ते म्हणाले.

पुष्पलताबाई सावकाश सह्या करत गेल्या. पुष्पलता ताराचंद धकाते, प्रत्येक ओळीपुढे पूर्ण. जिथं जिथं मेल्याची नोंद होती, तिथंही त्यांचा हात अडला नाही. शेवटची सही झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं, आत गेल्या आणि चिंच भिजत घालून गुंड घासायला घेतला. तो आता फक्त माणसांसाठी होता.